उंबरठ्यावरची पाहणी

आमचे हे डिटेक्टिव्ह होते असं सांगितलं की लोक जरा सरसावून बसतात. त्यांना वाटतं लांब कोट, हातात भिंग, एका नजरेत खुनी ओळखणारा कोणीतरी. अहो, ह्यांना स्वतःचा चष्मा कपाळावर असताना सापडायचा नाही. पोट कायम बिघडलेलं, खांद्याला पिशवी, पिशवीत छत्री, पोटाच्या गोळ्या आणि एक वही. खात्यात सव्वीस वर्षं काढली, पण आवाज चढवून कोणाला 'बस खाली' म्हणाले असतील तर शपथ. मला तर कधीकधी वाटायचं, चोर ह्यांची कीव येऊनच कबुली देत असतील.

ह्यांच्याकडे मोठे गुन्हे फारसे नसायचे. कोणी घरात वारलं आणि त्या माणसाला महिनाभरात डॉक्टरने पाहिलेलं नसलं, तर खात्यातला एक माणूस जाऊन बघून येतो, असा नियम आहे. तो माणूस म्हणजे बहुतेक वेळा हे. बरोबर एक छापील तक्ता, त्यात दहा रकाने. पापण्या, ओठ, गळा, नखं, अंगावरचे डाग, असं करत करत शेवटचा रकाना, 'संशयास्पद काही'. तिथे 'नाही' लिहिलं की घरचे पुढच्या तयारीला मोकळे.

नोकरीला लागले तेव्हाच्या साहेबांनी ह्यांना एक रीत शिकवली होती. साहेब म्हणायचे, घर रडत असतं, आपण परके. गेलेल्या माणसाला त्याच्या लेकरांसमोर उलटंपालटं करायचं नाही. खोलीच्या उंबरठ्यावर उभं राहायचं, टोपी काढायची, मान खाली घालायची, तिथून दिसेल ते टिपायचं आणि दोन शब्द बोलून निघायचं. ते साहेब निवृत्त झाले, वारलेसुद्धा, पण रीत राहिली. सगळं ऑफिस तसंच करायचं, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. दुसऱ्या हद्दीतले लोक बुटांसकट आत घुसतात, आपण माणुसकीने वागतो, असं चहा पिताना एकमेकांना सांगायचे. ह्यांच्याइतकं मनापासून मात्र कोणी उभं राहत नसे. म्हणून ह्यांना नावच पडलं, उंबरठासाहेब. भाजी घ्यायला गेले तरी कोणी ना कोणी थांबवून म्हणायचं, आमच्या वडिलांच्या वेळी तुम्ही आला होतात, फार बरं वाटलं होतं. आणि मी पिशवी धरून शेजारी फुगायची.

आता माझा ह्यात हात कसा, तेही सांगते. माझं कपडे बेतण्याचं, दुरुस्त करण्याचं दुकान आहे. एक मशीन, एक आरसा, एक पडदा, आणि मागच्या दोन खोल्यांत आमचा संसार. मूलबाळ नाही. ह्यांचं अक्षर म्हणजे कोंबडी शाईत बुडवून कागदावर सोडलेली. वरच्या ऑफिसातून तक्ते परत यायचे, 'वाचता येत नाही' असा शेरा मारून. दोनदा मेमो मिळाला तेव्हा मी म्हटलं, आणा इकडे. तेव्हापासून हे पाहणीच्या वेळी वहीत खरडायचे आणि संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलावर ते नव्या तक्त्यावर उतरवून काढायची. खाली सही ह्यांची. माझं अक्षर छान आहे. शाळेत बक्षीस मिळालं होतं.

हे वहीत काय काय लिहायचे. खिडकी उघडी, कोपऱ्यात काठी, भिंतीवर लग्नाचा फोटो, मुलगी फार रडत होती. मी रकान्यात बसेल ते घ्यायची आणि बाकीचं सोडून द्यायची. बेतून उरलेल्या चिंध्या टाकून देते, तसंच. रकाना 'गळा' म्हणतो, वहीत गळ्याला काही झाल्याचं नाही, तर लिहा 'खूण नाही'. ह्यात काही चूक आहे असं मला सतरा वर्षांत एकदाही वाटलं नाही.

मग एका दुपारी ती बसड्रायव्हर बाई आली. युनिफॉर्मवरच होती. मला वाटलं पँटची चेन बदलायची असेल. तिने विचारलं, "साहेब जेवायला घरी येतात ना?" हे मागे जेवत होते. मी हाक मारायच्या आत ती पडदा सारून आत गेली.

तिच्या हातात तक्त्याची नक्कल होती. माझं अक्षर मी लांबूनच ओळखलं. ती म्हणाली, "माझी आई पंधरा दिवसांपूर्वी गेली. मी ड्यूटीवर होते. सोबतीला ठेवलेली बाई म्हणाली, झोपेत गेल्या. डॉक्टर म्हणाले, चौऱ्याऐंशी वर्षं काय कमी झाली का? तुम्ही येऊन गेलात, मग मी आईला कपडे घालायला घेतले, तेव्हा तिचा ओठ उलटला. आतून फाटला होता, साहेब. दात रुतून. वरचा पण आणि खालचा पण. तुमच्या कागदावर लिहिलंय, ओठ, दोष नाही. तुम्ही पाहिले होते का ओठ?"

ह्यांचा घास हातातच राहिला. मी मध्येच म्हणाले, "अहो ताई, बसा तरी." ती बसली नाही.

"मला एवढंच सांगा. पाहिले होते का?"

"नाही," हे म्हणाले.

"मग आता बघा," ती म्हणाली. ती नक्कल तिने ताटाशेजारी ठेवली आणि निघून गेली. आता कुठे बघणार? अंत्यविधी होऊन दोन आठवडे झाले होते. ह्यांनी तसाच हात धुतला आणि पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. त्या पेटीत ह्यांच्या जुन्या वह्या होत्या. मी कितीदा म्हटलं होतं, रद्दीत घाला म्हणून. ऐकलं नाही, ते एक बरं की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही.

बसड्रायव्हरच्या आईचं पान सापडलं. 'चादर गळ्यापर्यंत. केस विंचरलेले. उशी डोक्याखाली नाही, बाजूला. सोबतीची बाई पायथ्याशी, शांत.' हे पान पुन्हा पुन्हा वाचत बसले. मग मागच्या वह्या काढल्या. दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेले नाहीत. संध्याकाळपर्यंत पलंगावर सात पानं मांडलेली होती, चौदा महिन्यांतली. सात म्हातारी माणसं, सात वेगळी घरं, वेगळे रस्ते. प्रत्येक पानावर चादर गळ्यापर्यंत, केस विंचरलेले, उशी बाजूला, पायथ्याशी शांत बाई. तिचं नाव ह्यांनी एकदाही लिहिलं नव्हतं, पण चौकशी केली तर बाई एकच निघाली. सोबतीच्या बायका पाठवणारी एक संस्था आहे, तिथली. सगळ्या घरांत तिला मावशी म्हणायचे.

"तू हे का उतरवलं नाहीस?" हे मला म्हणाले. रागावून नाही, अगदी हळू.

"रकाना कुठे होता?" मी ओरडलेच. "उशी असा रकाना आहे का तुमच्या त्या मेल्या तक्त्यात? आणि तुम्ही लिहिलंत ना स्वतःच्या हाताने सात वेळा? तुम्हाला नाही कळलं?"

"मला दिसलं," हे म्हणाले. "मी विचार केला नाही. घर रडत होतं."

आम्ही दोघं त्या सात पानांच्या दोन बाजूंना बसून राहिलो. मी एकेका तक्त्यावर काय लिहिलं होतं ते मला आठवत होतं. गळा, खूण नाही. पापण्या, नेहमीप्रमाणे. नेहमीप्रमाणे! कोणाच्या नेहमीप्रमाणे? पहिल्या वेळीच हे चार पावलं आत गेले असते, किंवा मी उशीचं एक वाक्य खाली कुठेतरी घुसवलं असतं आणि वरच्या ऑफिसात कोणी विचारलं असतं, ही उशी काय भानगड आहे, तर उरलेली सहा माणसं आज त्यांच्या त्यांच्या घरी खोकत बसली असती.

ह्यांनी मावशीला बोलावून घेतलं. तीन तास बोलत बसले होते. घरी आले तेव्हा चेहरा पांढरा. मी विचारलं, कशी आहे? म्हणाले, "तुझ्यासारखी. हात कामाचे आहेत. मी चहा मागवला तर माझा कपही विसळून ठेवला." तिने काही कबूल केलं नाही आणि काही नाकारलंही नाही. म्हणे, साहेब, त्यांना झोप लागत नव्हती. कोणाची मुलं येत नव्हती. सगळे मला विचारायचे, अजून किती दिवस. मी हात धरून बसायची. ह्यांनी विचारलं, मग उशी? तर म्हणाली, उशी मी नंतर नेहमी काढते, मान आखडते. मेलेल्या माणसाची मान आखडते! हे सांगताना हे रडायला लागले. माझ्यासमोर पहिल्यांदाच रडले.

आणि ती तेव्हाही कामावर होती. आमच्याच गल्लीच्या टोकाला घड्याळं दुरुस्त करणारे एक म्हातारे राहायचे, सगळे त्यांना घड्याळजी म्हणायचे. बायको गेलेली, मुलगा परगावी. पाय सुजलेले, म्हणून मुलाने सोबतीला बाई लावून दिली होती. ती बाई म्हणजे मावशी. सात गेले ते गेले. घड्याळजी जिवंत होते. शर्टाची बटणं लावायला माझ्याकडे यायचे, आणि बटण लावेपर्यंत माझ्या भिंतीवरचं घड्याळ कसं दोन मिनिटं मागे आहे ते ऐकवायचे.

हे संस्थेत गेले. तिथला मॅनेजर म्हणाला, तक्रार कुठे आहे, कागद दाखवा. कागद तर सगळे स्वच्छ आहेत आणि सही तुमचीच आहे. हे मोठ्या साहेबांकडे गेले. मोठ्या साहेबांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, "वेड लागलंय का तुम्हाला? तुमचे सात कागद खोटे म्हटले तर ह्या ऑफिसातले दहा वर्षांचे सगळे कागद खोटे. त्या प्रत्येक घरात जाऊन सांगणार आहात, की तुमचे वडील कशाने गेले आम्हाला माहीत नाही? चार वर्षं राहिली आहेत तुमची. गप बसा."

मीही तेच म्हणाले. खोटं कशाला बोलू? मी म्हणाले, जगाचा ठेका तुम्ही एकट्याने घेतलाय का? साहेब एवढा दार लावून सांगतोय तर मुकाट्याने ऐका. म्हातारपणी आपल्याला कोण बघणार आहे? मी बरंच बोलले. बोलायला लागले की मला थांबता येत नाही. हे ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "घड्याळजी आहेत ना अजून." आणि आपले सातही तक्ते खोटे आहेत असा कोर्टाला अर्ज लिहायला बसले. लिहून झाल्यावर, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, त्यांनी तो मला उतरवायला दिला नाही.

खटला उभा राहावा की नाही हे ठरवायची सुनावणी होती. मी तिसऱ्या बाकावर बसले होते. बसड्रायव्हर माझ्या पुढे, रजा टाकून आलेली. मावशी पलीकडे, मांडीवर हात ठेवून. तिच्या वकिलाने सात तक्ते ह्यांच्या हातात दिले.

"ही सही तुमची?"

"माझी."

"इथे लिहिलंय, पापण्या, ओठ, गळा, काही दोष नाही. खरं आहे?"

"मी आत गेलो नव्हतो. उंबरठ्यावरून पाहिलं."

"म्हणजे सातही वेळा तुम्ही सरकारी कागदावर खोटं लिहिलंत. आणि आज खरं बोलताय, असं कोर्टाने समजायचं?"

हे म्हणाले, हो. मग वकिलाने वह्या मागितल्या. एक पान वाचायचा प्रयत्न केला, उलटं धरून पाहिलं. लोक हसले. वकील म्हणाला, "तक्त्यावरचं अक्षर मात्र सुंदर आहे. हे कोणाचं?"

"माझ्या बायकोचं."

त्यावर जो हशा पिकला तो माझ्या कानांत अजून आहे. न्यायाधीशसुद्धा खाली बघून हसले. वकिलाने विचारलं, बाईसाहेब पाहणीला बरोबर असायच्या का? अक्षराबरोबर मजकूरही त्यांचाच का? वहीत आहे ते तक्त्यात नाही आणि तक्त्यात आहे ते वहीत नाही, मग ह्यातला पुरावा कोणता? मला उठून ओरडावंसं वाटत होतं, की उशी वहीत आहे, गाढवांनो, उशी बघा! पण तोंडातून आवाज फुटला नाही. एरवी माझं तोंड कोणाला आवरत नाही आणि तेव्हा नेमकं बंद पडलं.

ह्यांच्या ऑफिसातले तिघं साक्षीला आले. ज्यांच्याबरोबर वीस-वीस वर्षं चहा प्यायले ते. तिघांनीही सांगितलं, आम्ही आत जाऊनच पाहतो, उंबरठ्याचं काही आम्हाला माहीत नाही. एकाने तर सांगितलं की अशी काही रीत आपण आज पहिल्यांदाच ऐकतोय. ह्यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी बघितलं, आणि बोटं मोडली ती अशी की बाकावरच्या बाईने वळून पाहिलं.

तपासायला देह नाहीत, कागद एकमेकांशी जुळत नाहीत, साक्षीदार स्वतःच खोटा. खटला उभा राहिला नाही. बाहेर जिन्यावर बसड्रायव्हर थांबली होती. मला वाटलं आभार मानेल, निदान ह्यांनी प्रयत्न तरी केला म्हणून. ती म्हणाली, "आधी आई गेली तेव्हा मला निदान शंका होती. आता कोर्टाने लिहून दिलंय की ती झोपेतच गेली. तुम्ही दोघांनी मिळून केलंत हे." ती बरोबरच बोलत होती. महिन्याभरात ह्यांना नोकरीवरून काढलं.

घड्याळजींकडे आम्ही दोघं गेलो. कोर्ट नाही तर नाही, निदान माणसाला सावध करता येईल, एवढंच आता हातात होतं. मावशी बाजारात गेली होती. घड्याळजी खिडकीपाशी टेबलावर वाकून बसले होते, पाय पाटावर. हे त्यांच्या समोर बसले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. सात घरं, चादर, उशी, बसड्रायव्हरची आई, तो ओठ. काही लपवलं नाही, स्वतःचं तर मुळीच नाही. शेवटी म्हणाले, "आजोबा, आजच्या आज हिला काढा. मुलाला मी फोन करतो. तोपर्यंत आमच्याकडे चला."

घड्याळजींनी हातातलं चक्र वाटीत ठेवलं. म्हणाले, "तुमचा शब्द न शब्द खरा आहे. मला पटलं."

माझा जीव भांड्यात पडला. ते पुढे म्हणाले, "पण तिला काढून काय करू? मुलगा वर्षातून दोनदा येतो, तोही घड्याळाकडे बघत. आधीची बाई कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसायची. ही माझ्या पायाची नखं कापते. मी बोलतो ते ऐकते. तीन वर्षांत मला कोणी हात लावला नव्हता, डॉक्टर सोडून. तुमच्याकडे येऊन राहीन, पण किती दिवस? आठ? पंधरा? मग तुम्हीही दमाल."

"अहो पण ती तुम्हाला मारेल!" मी म्हणाले.

"हो," घड्याळजी म्हणाले. "तुमच्याकडचं घड्याळ अजून मागेच आहे का?"

हे त्यांच्या पाया पडायचे बाकी राहिले. तासभर विनवण्या केल्या. मी आधी रागावले, मग चक्क रडले. घड्याळजी मान हलवत राहिले, नातवंडांचं ऐकून घ्यावं तशी. मग मावशी आली, आम्हाला बघून पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, चहा टाकू का? घड्याळजी म्हणाले, टाका. आम्ही उठून निघालो. मुलाला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, तुमचं नाव मी पेपरात वाचलंय, पुन्हा फोन करू नका.

त्यानंतर ह्यांची अवस्था बघवत नव्हती. खाणं सुटलं. अंगावरचे कपडे मी दोनदा शिवून बारीक केले, तरी ढगळ. दिवसातून दहा वेळा गल्लीच्या टोकाला जाऊन घड्याळजींची खिडकी बघून यायचे. खिडकीत म्हातारा दिसला की परत. एकदा मावशीनेच वरून सांगितलं, आज बरे आहेत हो. मी ह्यांना जबरदस्तीने दुकानात बसवायला लागले. बटणं निवडून द्या, दोरे कापा, काहीही करा, पण बसा. हळूहळू हात चालायला लागला. काजं तर माझ्यापेक्षा चांगली करायला लागले. मग एक दिवस दोन घास जास्त खाल्ले. मग एकदा गिऱ्हाइकाशी हसून बोलले. सात आठवडे झाले होते, खिडकीत म्हातारा रोज दिसत होता, आणि मीसुद्धा मनाला समजावायला लागले होते, की एवढा गवगवा झाल्यावर आता काही होणार नाही.

आठव्या आठवड्यात, सकाळी अकराच्या सुमाराला, समोरची बाई सांगत आली, घड्याळजी गेले.

हे उठले आणि पुन्हा बसले. म्हणाले, "तू जा. तू बघून ये." मी हातातली कात्री तशीच टाकून धावले.

दार उघडं होतं. मुलगा अजून पोहोचायचा होता. घड्याळजी पलंगावर, केस विंचरलेले, चादर गळ्यापर्यंत. मावशी म्हणाली, ताई, बसा, पाणी आणते, आणि स्वयंपाकघरात गेली. तेवढ्यात मी आत गेले. दहाही रकाने मला तोंडपाठ, सतरा वर्षं लिहीत आले होते. मी पापणी वर केली. आत सुईच्या टोकाएवढे लाल ठिपके होते, खूप, श्वास कोंडून मेलेल्या माणसाला येतात तसे. दुसऱ्या डोळ्यातही. ओठ उलटला. आतून फाटला होता. उशी बाजूला होती. मी सगळं पाहिलं.

पलंगाजवळच्या टेबलावर एक कागद होता, घड्याळजींच्या बारीक अक्षरातला. 'मी पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. मला काही झाल्यास ह्या बाईंना कोणी काही विचारू नये. उंबरठासाहेबांनी मला सगळं समजावून सांगितलं होतं. त्यांना बोल लावू नये.' खाली सही, तारीख आणि वेळ. वेळसुद्धा मिनिटांसकट.

खात्याचा माणूस आला. तरुण होता, ह्यांच्या हाताखाली शिकलेला. कोर्टाच्या भानगडीनंतर खात्याने आदेश काढला होता, की आत जाऊनच पाहायचं. हा उंबरठ्यावर थांबला आणि टोपी काढली. मला बघून दचकला. "वहिनी, तुम्ही?"

"आत ये," मी म्हणाले. "डोळे बघ त्यांचे. मी बघितलेत. ये ना रे."

त्याने तिथूनच हात पुढे करून कागद मागितला. वाचला. त्याच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली, तिच्याबद्दल मी त्याला जन्मात माफ करणार नाही. म्हणाला, "त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय, वहिनी. आता पुन्हा नको. साहेबांचं जे झालं ते पुरे नाही का?" आणि तो तक्ता भरू लागला. मावशी पाण्याचा पेला धरून उभी होती. कोर्ट माझ्या अक्षराला हसलं होतं, तर माझ्या डोळ्यांवर कोण विश्वास ठेवणार होतं? मी ते पाणी न पिता बाहेर पडले.

हे दुकानाच्या पायरीवर उभे होते. मला आत घेतलं, स्टुलावर बसवलं.

"पाहिलंस?"

"पाहिलं."

"आत जाऊन?"

"आत जाऊन."

मग ह्यांनी विचारायला सुरुवात केली. एकेक रकाना, छापील क्रमाने. माझ्या चेहऱ्याकडे असे बघत होते की मला वाटलं, मी खरं सांगितलं तर हा माणूस इथेच, ह्या बटणांच्या डब्याशेजारी संपेल. दोन महिन्यांत मी ह्यांना घासाघासाने परत आणलं होतं.

"पापण्या?"

"स्वच्छ."

"आत ठिपके?"

"नाही."

"ओठ?"

"धड."

"आतून?"

"आतूनही धड. उलटून पाहिला."

गळा, नखं, अंगावरचे डाग, सगळं विचारलं. सगळ्याला मी नाही म्हणत गेले. शेवटी म्हणाले, "उशी?"

"डोक्याखाली होती."

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मी नजर हलवली नाही. "म्हणजे म्हातारपणानेच गेले," ते म्हणाले.

"म्हातारपणानेच," मी म्हणाले.

ह्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि मोठ्याने रडले. सुटल्यासारखे रडले. त्या दिवशी दोन्ही वेळा पोटभर जेवले, आणि तेव्हापासून झोपतातही बरे.

मावशी आता कोणत्या घरी आहे, मला माहीत नाही. मी चौकशी केलेली नाही.